गाठवाल्या मावशींचे उसने डबे

मासळी बाजारात शिरलं की डाव्या रांगेतला सातवा ओटा गाठवाल्या मावशींचा. त्यांचं खरं नाव कागदोपत्री कुठेतरी असेलच, पण बाजारात ते कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांना हे नाव पडलं ते एका हाताने पिशवीला गाठ मारण्यावरून. उजव्या हातात सुरी असायची, त्यामुळे बाकी सगळं डाव्या हातावर. मासे पातळ पांढऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत सोडायचे, पिशवी मनगटावर एक गिरकी घ्यायची, अंगठा आत जायचा आणि गाठ बसलेली असायची. थेंबभर पाणी गळत नसे. घरी गेल्यावर मात्र ती गाठ कुणालाच सुटत नसे, पिशवी फाडावीच लागे. मी सतरा वर्षं त्यांचं गिऱ्हाईक आहे. सतरा वर्षांत मला एकही गाठ सुटलेली नाही.

मावशींच्या घरात तीन माणसं. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा बर्फाच्या कारखान्यात कामाला, आणि सून नगरपालिकेत. सून आधी जन्ममृत्यूच्या नोंदणीच्या खिडकीत बसायची. त्या खिडकीवर माणूस एकतर हसत यायचा, नाहीतर डोळे पुसत. दोघांशीही एकाच आवाजात बोलायची तिला सवय लागली होती, आणि पुढे जे घडलं त्यात ती सवय तिला फार उपयोगी पडली. घरातली हकीकत मी पुढे सांगणार आहे, ती तिनेच मला नंतर हसत हसत सांगितलेली.

एके दिवशी देशभर कायदा आला. एकदा वापरून फेकायचं प्लास्टिक बंद. पिशव्या, पेले, चमचे, नळ्या, सगळं. रेडिओवर आठवडाभर तेच चाललं होतं. बाजाराच्या दारात मोठा फलक लागला. बाजारातल्या लोकांनी तो वाचला आणि त्याच्याच सावलीत टोपल्या मांडल्या. "महिनाभराची गंमत आहे," मावशी म्हणाल्या. "असे कायदे मी खूप पाहिले. येतात आणि फलक गंजला की जातात."

त्याच संध्याकाळी जेवताना सून म्हणाली, "आई, माझी बदली झाली."

"कुठे?"

"तुमच्याकडे."

मावशींना आधी कळलंच नाही. मग कळलं. सून बाजाराची निरीक्षक झाली होती, आणि बंदी पाळली जाते का हे बघायचं काम तिचं होतं. मावशी खूश झाल्या. घरचंच माणूस, म्हणजे आता काळजी नाही, असं त्यांनी शेजारच्या ओट्यावर सांगूनही टाकलं.

पहिल्या तारखेला सून हिरवं जाकीट घालून, दोन कामगार आणि चार पोती घेऊन बाजारात आली. ती पहिल्या ओट्याशी थांबली नाही, दुसऱ्या नाही, तिसऱ्या नाही. सरळ सातव्याशी आली. बाकी कुठूनही सुरुवात केली असती तर लोकांनी आधी आपल्या घरात बघ म्हणून ऐकवलं असतं, हे तिला पक्कं माहीत होतं.

"मावशी, पिशव्या काढा," ती म्हणाली.

मावशींनी सुरी खाली ठेवली. "मावशी? घरी आई म्हणतेस ती कोण मग?"

"घरी आई. इथे सात नंबरचा ओटा."

"सकाळी माझ्याच हातचा चहा पिऊन आलीस."

"प्यायले. चांगला झाला होता. पिशव्या काढा."

सगळी रांग काम थांबवून बघत होती. मावशींनी खिळ्यावरचा गठ्ठा काढून दिला.

"ओट्याखालचा?" सून त्याच आवाजात म्हणाली.

मावशींनी ओट्याखालचाही दिला.

"आणि बर्फाच्या पेटीमागचा?"

त्या पेटीमागच्या गठ्ठ्याची माहिती घरच्या माणसाशिवाय कुणालाच असणं शक्य नव्हतं. समोरच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळा बाजार हसायला लागला. मावशींनी तिसरा गठ्ठा पोत्यात असा आपटला की पोतं धरणारा कामगार दोन पावलं मागे सरकला. त्यानंतर बाकीच्या ओट्यांवर सुनेला कुठे काही बोलावंच लागलं नाही. लोकांनी आपणहून पिशव्या आणून दिल्या. सासूला सोडलं नाही ती आपल्याला काय सोडणार, हा हिशेब सगळ्यांना एकदम कळला.

घरी अबोला सुरू झाला. अबोला म्हणजे बोलणं बंद नव्हतं, ते फक्त मुलाच्या मार्फत चाललं होतं. "तुझ्या निरीक्षक बाईंना विचार, भाजीत मीठ पुरे का." सून समोरच बसलेली. मुलगा तिच्याकडे बघायचा. ती म्हणायची, "पुरे आहे म्हणून सांग." तो आईकडे वळून सांगायचा, "पुरे आहे." अकरा आठवडे असं चाललं. तो बिचारा म्हणायचा, "दिवसभर बर्फात काम करतो, आणि घरी आलो तरी थंडीच."

बाजारातली परिस्थितीही काही बरी नव्हती. कापडी पिशवीतून भाजी जाते, धान्य जातं, पण ओला मासा जात नाही. मावशींनी कागदात गुंडाळून द्यायला सुरुवात केली. तसे बांगडे घेऊन मी बसमध्ये चढलो. तिसऱ्या थांब्यापर्यंत कागदाने दम धरला, मग एक बांगडा समोर बसलेल्या गृहस्थांच्या बुटावर पडला. त्यांनी तो शेपटीला धरून उचलला आणि "तुमचा असावा" म्हणत मला परत दिला. दुसऱ्या दिवशी मी हे मावशींना सांगितलं, पण त्या हसल्या नाहीत. आपला डावा हात उलटा सुलटा करून बघत म्हणाल्या, "तीस वर्षं या हाताला एकच गोष्ट चांगली येत होती."

बाजाराच्या संघटनेचे अध्यक्ष म्हणजे पलीकडच्या रांगेतले कोंबडीवाले. त्यांनी राजधानीला अर्ज करायचं ठरवलं. ओल्या मालाला बंदीतून सूट द्यावी, मासे, कोंबडी, दही विकणाऱ्यांचं पोट यावर आहे, असा मजकूर. खाली पहिली सही कुणाची घ्यायची याबद्दल प्रश्नच नव्हता. मावशींनी हात धुतले, पदराला पुसले आणि मोठ्या अक्षरांत सही केली. पदराला लागलेला एक खवला त्या कागदावर चिकटून राहिला आणि तसाच राजधानीला गेला.

घरून डबा आणा, असं गिऱ्हाइकांना सांगून झालं होतं. पण बहुतेक लोक कामावरून परस्पर येणारे. सकाळी डबा आठवत नाही, आणि संध्याकाळी आठवून उपयोग नाही. विसरलो म्हणत माणसं दोन पावलं मागे सरायची आणि मासे न घेताच जायची. उरलेले मासे बर्फावर डोळे उघडे ठेवून पडलेले मावशींना बघवेनात. मग एका सकाळी त्या घरातले पाच-सहा पत्र्याचे डबे घेऊन आल्या. घट्ट झाकणाचे, चहाचे, बिस्किटांचे, दुधाच्या भुकटीचे. "घेऊन जा," त्या गिऱ्हाइकांना म्हणाल्या. "उसना देते. पुढच्या खेपेला आणून द्या."

डबे गेले ते गेले. लोक वाईट नव्हते, पण झाकणाचा चांगला डबा घरात शिरला की त्याला काहीतरी काम लागतंच. मावशींनी शेजाऱ्यांकडून मागून आणले, तेही गेले. मग त्यांनी स्वतःच्या स्वयंपाकघरातले, अजून भरलेले डबे रिकामे करायला घेतले.

बाराव्या आठवड्यात एके दिवशी सून कामावरून लवकर घरी आली. चहा करायला म्हणून तिने फळी बघितली, तर फळी मोकळी. साखर किटलीत होती. तांदूळ बादलीत होते, त्यावर ताट झाकलेलं. मीठ फुलदाणीत होतं. आणि वाटाणे होते नवऱ्याच्या जुन्या हेल्मेटमध्ये, ते मात्र नीट, पट्टा लावून ठेवलेले.

मावशी दारातून आत आल्या. सून म्हणाली, "आई, आपले डबे कुठे गेले?"

मावशींनी सवयीने मुलासाठी इकडेतिकडे पाहिलं. मुलगा अजून आला नव्हता. आता उत्तर द्यायचं तर थेटच द्यावं लागणार होतं.

"गिऱ्हाइकांकडे," त्या म्हणाल्या.

"सगळे?"

"तुझ्या सरकारने पिशव्या नेल्या. मासे काय लोकांच्या खिशात सोडू?"

सून हेल्मेट मांडीवर घेऊन खाली जमिनीवरच बसली आणि हसायला लागली. ती असं हसू शकते हे मावशींना नवीनच होतं. तोंड दाबून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मावशींनी थोडा वेळ रागाचा चेहरा धरून ठेवला, पण वाटाणे सांडायला लागले तेव्हा त्यांचाही धीर सुटला. मुलगा घरी आला तेव्हा दोघी जमिनीवर रांगत वाटाणे वेचत होत्या, आणि आपल्याला कुणी काही निरोप देत नाही हे लक्षात यायला त्याला बराच वेळ लागला.

"आई," वेचता वेचता सून म्हणाली, "बंदी घाला, पोती भरा, एवढंच आम्हाला शिकवलं. मासा कशात द्यायचा हे कुणी शिकवलंच नाही. ते तुम्ही शोधून काढलंत."

"शोधून काढलं आणि घालवूनही बसले."

"घालवले कुठे? लोकांच्या घरात आहेत. सुटीच्या दिवशी जाऊन आणू."

मावशींना गिऱ्हाइकांचे पत्ते माहीत नव्हते. पण पत्त्यावाचून माणूस कसं सापडतं हे त्यांना माहीत होतं. तीस वर्षं लोक ओट्यापुढे उभं राहून काहीबाही बोलत आले होते, आणि मावशींनी ते सगळं ऐकून ठेवलं होतं. एकीच्या घराखाली सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. एकाच्या वरच्या मजल्यावर कुणीतरी बेसूर व्हायोलिन शिकतं. एकीचं दार निळं आहे आणि नवऱ्याला तो रंग आवडत नाही. सुटीच्या दिवशी सकाळी सासू-सुना मोठ्या दोन कापडी पिशव्या घेऊन निघाल्या, आणि एवढ्या खुणांवर त्यांनी निम्मं गाव शोधून काढलं.

निळ्या दाराच्या घरी शिंपीणबाई राहत. त्यांनी डब्यात बटणं भरली होती. मावशींनी तिथेच बसून सगळी बटणं रंगांप्रमाणे बरण्यांत लावून दिली आणि मगच डबा घेतला. व्हायोलिनखालच्या घरात डब्याच्या तळाला भोकं पाडून पुदिना लावला होता. तो इतका माजला होता की मावशींनी एक पान चुरगाळून वास घेतला आणि म्हणाल्या, "राहू दे. याला जागा मानवली आहे." मग त्या माझ्याकडे आल्या. मी दार उघडलं आणि समोर गाठवाल्या मावशी. ओट्यामागे नसलेल्या, घरच्या साडीतल्या.

"खिळे ओता," त्या म्हणाल्या.

माझ्या डब्यात खिळे आहेत हे त्यांना कसं कळलं, ते मी अजून विचारलेलं नाही.

दुपारी त्या एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर चढल्या. तिथे चित्रकलेचे मास्तर राहत होते, शाळेतून निवृत्त झालेले. दर मंगळवारी, न चुकता अर्धा किलो तारल्या नेणारे. मास्तरांनी दार उघडलं तर खिडकीच्या कठड्यावर नऊ डबे एका ओळीत, लख्ख घासलेले. समोर कागद, आणि कागदावर तेच नऊ डबे. सकाळच्या उन्हातले, दुपारच्या उन्हातले, काही नुसते रेघांचे.

"मास्तर, नऊ?" मावशी म्हणाल्या. "एकही परत करावासा वाटला नाही?"

मास्तर ओशाळले. "करणार होतो. चित्र पुरं झालं की. पण एक चित्र पुरं होतं तोवर मंगळवार येतो, आणि नवीन डबा आला की आधीची मांडणी बिघडते."

सून तोवर स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली होती. ती बाहेर येऊन म्हणाली, "मास्तर, तुमच्याकडे तवा दिसला नाही. मासे कशात करता?"

मास्तरांनी कठड्यावरचा एक डबा उगाच सरळ केला. मग म्हणाले, "मी मासे खात नाही."

"सहा वर्षं नेताय," मावशी म्हणाल्या.

"जिन्यातली मांजरं खातात. मी आपला बाजारात येतो. तुम्ही विचारता, मास्तर, आज तब्येत कशी. सगळ्यांनाच विचारता, ठाऊक आहे मला. पण मला ते आठवडाभर पुरतं. नुसतं ते ऐकायला येणं बरं दिसत नाही, म्हणून मासे घेतो."

मावशींनी पदर सारखा केला, नाक ओढलं आणि म्हणाल्या, "मग मांजरांसाठी म्हणून सांगायचं होतंत. मी मेली एकेक निवडून, साफ करून देत होते."

मास्तर हसले. सून हसली. चहा झाला, मग चित्रं बघून झाली, आणि निघताना मास्तर म्हणाले, "डब्यांवर काही रंगवून देऊ का? म्हणजे लोकांना कळेल की हे बाजाराचे आहेत, आणि परत करतील."

मास्तरांनी आठवडाभर बसून तीस डबे रंगवले. निळे, केशरी, एकेकावर एकेक मासा, आणि असा जिवंत की आता झाकण उघडून बाहेर पडेल. तीस डबे दोन दिवसांत गेले. परत आले तीन. इतका सुंदर डबा परत द्यायला कुणाचा हात धजेना. एका घरात तर तो दिवाणखान्यात ठेवल्याचं कळलं.

"मास्तर," सून म्हणाली, "कला जरा कमी करता येईल का?"

मास्तरांनी उलट वाढवली. पुढच्या मंगळवारी ते एक घडीचं स्टूल घेऊन बाजारात आले आणि सातव्या ओट्याशेजारी बसले. येणाऱ्या गिऱ्हाइकाकडे दोन मिनिटं बघायचं आणि त्याच्या डब्यावर त्याचाच चेहरा काढायचा, पण माशाचा. पोस्टमनच्या मिशा जशाच्या तशा एका मिशाळ माशाला लागल्या. डॉक्टरीणबाई लांब, सडपातळ, चष्मा लावलेल्या. बँकेतल्या रोखपालाला खेकडा केलं. तो चिडून म्हणाला, "हा मासासुद्धा नाही," आणि दुसऱ्या दिवशी बायकोला दाखवायला घेऊन आला. मी गोल फुगलेला मासा आहे. मी हरकत घेतली नाही. घरी आरसा आहे.

पुढची युक्ती सुनेची. ओट्यामागच्या भिंतीवर तिने खिळ्यांच्या रांगा मारून घेतल्या, आणि मास्तरांनी प्रत्येक खिळ्याच्या मागे ज्याचा त्याचा चेहरा रंगवला. सकाळी कामावर जाताना आपला रिकामा डबा तारेच्या कडीने आपल्या खिळ्यावर टांगायचा आणि संध्याकाळी भरलेला न्यायचा. डबा टांगलेला असला की चेहरा झाकला जायचा. डबा घरी विसरला की भिंतीवरून तुमचा चेहरा सगळ्या बाजाराकडे टकामका बघत बसायचा. मग लोक गप्प बसत नसत. "डॉक्टरीणबाई, तुम्ही परवापासून भिंतीवर आहात," असं कुणीतरी दवाखान्यात जाऊन सांगायचं. महिन्याभरात भिंतीवर एकशे चाळीस खिळे झाले. भिंत भरली तेव्हा शेजारच्या कोळंबीवालीने आपली भिंत देऊ केली, पण अट घातली की तिचं स्वतःचं चित्र सगळ्यांत वर पाहिजे.

मग पावसाळा आला. बाजाराच्या मागे मोठा नाला आहे आणि नाल्याच्या तोंडाशी लोखंडी जाळी. दरवर्षी भरती आणि पाऊस एकत्र आले की जाळी तुंबायची आणि पाणी उलटं फिरून बाजारात शिरायचं. दोन-तीन दिवस घोटाभर पाण्यात उभं राहून धंदा करायचा, याची सगळ्यांना सवय होती. जाळी साफ करणारा एक नालेवाला होता, लांब आकडा घेऊन दिवसदिवसभर घाण ओढणारा. त्या वर्षीही पाणी वाढलं, पायरीपर्यंत आलं. मावशींनी साडी वर खोचली, टोपल्या ओट्यावर घेतल्या आणि वाट बघत उभ्या राहिल्या. पाणी पायरीशी घुटमळलं. मग हळूहळू मागे सरायला लागलं. तासाभरात पायरीखालची चिखलाची रेघ तेवढी उरली.

नालेवाला आकडा खांद्यावर टाकून आत आला. "आज मला कामच नाही," तो म्हणाला. त्याला कुणाशी तरी बोलायचंच होतं बहुतेक, कारण तो मावशींच्या ओट्याशी रेंगाळला. "एक सांगू का, मावशी? जाळीत अडकायच्या त्या पिशव्या ना, सगळ्या फाटलेल्या असायच्या. पण गाठ तशीच. तुमच्या गाठी मी लांबून ओळखायचो. रोज पन्नासेक तरी."

मावशी त्याच्याकडे बघतच राहिल्या. "इतकी वर्षं? मग कधी बोलला नाहीस?"

"काय बोलणार? गाठ चांगली होती."

मावशींनी हातातली सुरी ओट्यावर ठेवली. थोड्या वेळाने त्या बाजाराच्या मागच्या दारातून नाल्यापर्यंत गेल्या. सून तिथे उभी होतीच. जाळीतून पाणी खळखळ जात होतं, जाळीचे गज एकेक दिसत होते. मावशी इतक्या वर्षांत इथे पहिल्यांदाच येत होत्या.

"घोटाभर पाण्यात उभी राहायचे आणि नगरपालिकेला शिव्या द्यायचे," त्या सुनेला म्हणाल्या. "आणि पाणी अडवत होते मीच."

"एकट्या तुम्ही नाही, आई."

"एकटी नाही. पण माझ्या ओळखू येत होत्या." मग त्यांना स्वतःलाच हसू आलं. "एवढं नाव कमावलं मी, ते कुठे जाऊन कमावलं बघ."

आत येऊन त्यांनी नालेवाल्याला एक चांगला मोठा बांगडा काढून दिला. तो म्हणाला, "माझ्याकडे डबा नाही." मास्तरांनी ब्रश घेतला आणि त्याला तिथेच स्टुलावर बसवलं.

कायद्याला आठ महिने होत आले तेव्हा राजधानीहून एक साहेब आले. अध्यक्षांनी बाजार धुऊन घेतला होता, खुर्च्या मांडल्या होत्या. साहेबांनी फाईल उघडली आणि वाचून दाखवलं. ओल्या मालाच्या विक्रेत्यांचा अर्ज सरकारने सहानुभूतीने विचारात घेतला असून त्यांना एक वर्षाची सूट मंजूर करण्यात येत आहे. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाले, "अर्जावर पहिली सही ज्यांची आहे त्यांनी पुढे यावं." फाईलमध्ये तो अर्ज होता आणि अर्जावर वाळलेला खवला अजून चिकटलेला होता.

मावशी पुढे गेल्या. अर्ज हातात घेऊन बघितला. "सही माझीच," त्या म्हणाल्या. "पण साहेब, भूक लागली तेव्हा ताट मागितलं होतं. तुम्ही ते हात धुऊन उठल्यावर आणलंत."

"म्हणजे सूट नको?"

"मला नको. बाकीच्यांचं त्यांनी बघावं."

साहेबांनी फाईल चाळली. सूट मंजूर करायचा नमुना होता, नामंजूर करायचा होता. मंजूर झालेली सूट कुणी परत केली तर काय करायचं याचा कागद त्यांच्याकडे नव्हता.

सून बाजूला हिरव्या जाकिटात उभी होती. तिने तिच्या त्या ठरलेल्या आवाजात विचारलं, "साहेब, नको म्हणण्यासाठी वेगळा अर्ज लागेल का?"

आधी मागच्या रांगेतून हसू आलं, मग पुढच्या, आणि शेवटी साहेबही हसले. ते खुर्चीवरून उठून भिंतीपाशी गेले आणि अर्धा तास एकेक चेहरा बघत राहिले. जाताना त्यांनी मासे घेतले. डबा त्यांच्याकडे नव्हता. मावशींनी आपला एक उसना दिला, आणि पुढच्या खेपेला परत आणा म्हणून बजावलं. राजधानी इथून रेल्वेने दीड दिवसाच्या अंतरावर आहे. डबा अजून आलेला नाही, पण साहेबांचा चेहरा भिंतीवर काढून झाला आहे.

सगळ्या बाजाराने सूट नाकारली असं मी म्हणणार नाही. दहीवाल्याने दुसऱ्याच दिवशी पिशव्या आणल्या आणि वर्ष संपेपर्यंत वापरल्या. अध्यक्षही मावशींवर रुसले होते, त्यांनीही पिशव्या टांगल्या. पण मासळीकडून येणारं गिऱ्हाईक हातात रंगीत डबा घेऊनच त्यांच्याकडे यायचं आणि म्हणायचं, याच्यातच टाका की. त्यांनी तीन आठवडे तग धरला. एका मंगळवारी त्यांची बायको मास्तरांकडे आली आणि तुम्हाला कोंबड्या काढता येतात का म्हणून विचारून गेली. मास्तर आता मंगळवारबरोबरच गुरुवारीही येतात, आणि तेव्हा मांजरांसाठीच म्हणून स्पष्ट सांगून, मोठ्याने तारल्या मागतात.

गेल्या वर्षी सुनेला बढती मिळाली. आता तिच्याकडे चार बाजार आहेत. सुटीच्या दिवशी मावशी तिच्याबरोबर जातात. त्यांना कुणी बोलावलेलं नसतं आणि त्यांच्याकडे जाकीटही नाही. मध्यंतरी मीही एकदा त्यांच्यामागून गेलो होतो. नदीपलीकडच्या बाजारात एक धिप्पाड मासेवाली सुनेला चांगलीच फैलावर घेत होती. डबे उसने द्या म्हणता, आणि ते आलेच नाहीत तर काय, असं तिचं म्हणणं. सून शांतपणे ऐकत होती. मावशी मागून पुढे आल्या.

"नाहीच येत," त्या म्हणाल्या. "पहिले येतच नाहीत."

मासेवाली थबकली. कुणीतरी आपल्याला खरं सांगतंय याची तिला अपेक्षा नसावी. "मग?"

"मग घरी जाऊन मागायचे. लोक लाजतात, बसवतात, चहा देतात. घरं बघायला मिळतात. एकीच्या घरी तर मी आता दर महिन्याला जाते, डबा नसला तरी."

मासेवालीने मावशींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, त्यांच्या बोटांवरच्या सुरीच्या जुन्या खुणा पाहिल्या. मग तिने आपली टोपली एका बाजूला सरकवली, ओट्याच्या कडेवर पाणी मारून हाताने पुसलं आणि मावशींना बसायला जागा करून दिली.